राजाचं मीठ, विहिरीचं मीठ

अचलपुरातून आम्ही बोलतो आहोत. आजचा विषय ऐकून काही जणी हसतील, काही जणी रेडिओचा कान पिळतील, कारण विषय आहे रसायनशास्त्र. शाळेत ज्या विषयाच्या तासाला आपण मागच्या बाकावर जाऊन बसायचो, किंवा ज्या विषयापर्यंत पोचायच्या आतच आपली शाळा सुटली, तो हा विषय. पण आज फळा नाही, खडू नाही आणि पाठ करायची सूत्रंही नाहीत. आपल्याच मुलखातल्या जुन्या गोष्टी सांगायच्या आहेत. त्यात तांबं येईल, मीठ येईल, खार येईल. या तिन्ही गोष्टी आपल्या घरात आहेत आणि तिन्हींचा इतिहास वऱ्हाडाच्या मातीत पुरलेला आहे. त्यातली एक तर खरोखरच पुरलेली होती.

अचलपूरच्या नैऋत्येला थोड्या अंतरावर चमक नावाचं गाव आहे. तिथे १८६८ च्या सुमारास शेत नांगरताना तांब्याचे पत्रे सापडले. एकूण सात पत्रे, त्यांवर अक्षरं कोरलेली. वाचणाऱ्यांनी वाचलं तेव्हा कळलं, की हा वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा दानलेख आहे. पाचव्या शतकातला. राजाच्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी मधुनदीच्या काठचं चर्मांक नावाचं गाव त्याने एक हजार ब्राह्मणांना दान दिलं, असं त्यात लिहिलं आहे. चर्मांक म्हणजेच आजचं चमक. गाव भोजकट राज्यात असल्याचं लेख सांगतो, आणि भोजकट म्हणजे अमरावतीजवळची भातकुली, असं अभ्यासक मानतात. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीचा सातबाराच म्हणा ना!

या प्रवरसेनाची आई प्रभावतीगुप्ता. नवरा लवकर गेला, मुलं लहान होती, म्हणून या बाईने बरीच वर्षं राज्याचा कारभार स्वतः पाहिला. तिच्या स्वतःच्या नावाने दिलेले ताम्रपटही सापडले आहेत. कारभार सांभाळणाऱ्या बाईचं नाव तांब्यावर कोरलेलं आहे, एवढं बचतगटाच्या अध्यक्ष-सचिवांनी ऐकून ठेवावं आणि पुढे चलावं.

आता आपला प्रश्न. चौदाशे वर्षं हे पत्रे जमिनीत होते. पाऊस झाला, ऊन तापलं, नांगर फिरले. तरी अक्षरं वाचता आली. त्याच मातीत आपण लोखंडाचं विळं विसरलो, तर दोन पावसाळ्यांत त्याचा भुगा होतो. असं काऊन?

दोन्ही धातूच आहेत. दोन्ही हवेतल्या प्राणवायूशी म्हणजे ऑक्सिजनशी संयोग पावतात. फरक पुढे आहे. लोखंडावर येतो तो तांबूस गंज भुसभुशीत असतो. तो पापुद्र्यासारखा सुटून पडतो, खालचं लोखंड उघडं पडतं, त्यालाही गंज चढतो, आणि असं करत करत सगळं लोखंड संपतं. तांब्यावर मात्र आधी काळसर आणि मग हिरवट थर चढतो. तो थर घट्ट बसतो आणि खालच्या तांब्याचा रखवालदार होतो. जुन्या घंगाळावरचा हिरवा डाग आणि चमकच्या पत्र्यांना तारणारा थर हे एकाच जातीचे. ताक पितळेच्या भांड्यात ठेवलं तर कळकतं, हे आपल्याला आज्यांनी शिकवलं. त्याचं कारणही इथेच आहे. पितळेत तांबं असतं. आंबट पदार्थातलं आम्ल त्या तांब्याला हळूहळू विरघळवतं आणि ते पोटात गेलं तर मळमळतं, उलटी होते. म्हणून भांड्याला आतून कल्हई. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ लेप. कल्हईवाला तापल्या भांड्यावर नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा, आणि आपण पोरं नाक धरून तिथेच उभी. नवसागर भांड्यावरचा मळलेला थर काढून टाकतो, म्हणजे कथील नितळ तांब्याला धरून बसतं. उलट बाजूने पाहा: देवाची भांडी चिंचेने का लख्ख होतात? तेच आम्ल, तेच काम. भांड्याच्या आत चालतं ते नुकसान, बाहेर चालते ती घासणी.

तांबं कितीही ठोका, वितळवा, पत्रा करा, तार ओढा, ते तांबंच राहतं. त्याचे आणखी साधे तुकडे पाडून दुसरा पदार्थ निघत नाही. अशा पदार्थाला मूलद्रव्य म्हणतात. चमकचे पत्रे सापडले त्याच सुमारास, १८६९ साली, रशियात मेंडेलीव्ह नावाच्या मास्तराने तोवर माहीत असलेली साठ-बासष्ट मूलद्रव्यं ओळीने मांडून त्यांचा तक्ता केला. मुलांच्या वर्गात भिंतीवर असतो तोच, फक्त आज त्यात ११८ घरं आहेत. तांब्याचा नंबर २९. आपल्या घरातला कोळसा म्हणजे बहुतेक सगळा कार्बन, त्याचा नंबर ६. आणि गंमत अशी, की कोळसाही त्या ताम्रपटात आहे.

तो असा. दान दिलेल्या गावाला राजाने काही सवलती दिल्या. राजाची माणसं गावात आली तर त्यांना चारा, बसायला कातडी आणि कोळसा द्यायची सक्ती या गावाला नाही. दूध-फुलांची सक्ती नाही. आणि मीठ खणण्यावरचा राजाचा हक्कही या गावापुरता सोडला. म्हणजे बाकीच्या गावांवर तो होता. आम्हाला या लेखातला सगळ्यात बोलका शब्द हाच वाटतो: मीठ. समुद्र इथून शेकडो मैल लांब. मग वऱ्हाडच्या राजाला मीठ खणण्याची काळजी कशाला?

उत्तर आपल्या पायाखाली आहे. अचलपूर सातपुड्याच्या पायथ्याशी, म्हणून आपल्या विहिरी बऱ्यापैकी गोड. पण दक्षिणेकडे दर्यापूर, भातकुली, पुढे अकोट, तेल्हारा, शेगावकडे जा. पूर्णेच्या दोन्ही काठांना खारपाणपट्टा पसरला आहे. अमरावती, अकोला, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांतली शेकडो गावं त्यात येतात. लेकीची सोयरीक तिकडून आली, की आधी जमीन विचारायची का पाणी, हे आपल्या घरांत ठरलेलं असतं. आणि बहुतेक वेळा पाणीच विचारतात.

तिथे एकेकाळी समुद्र होता, अशी गोष्ट आपण ऐकत आलो. पण भूगर्भाचे अभ्यासक सांगतात त्यात मोठा भाग असा, की पूर्णेने आणलेल्या गाळाचा थर तिथे शेकडो फूट जाड आहे. माती चिकण, पाण्याचा निचरा कमी, पाऊस बेताचा आणि ऊन भरपूर. काळा दगड झिजताना त्यातून क्षार सुटतात. ते पाण्यात विरघळतात. पाणी वाहून जायला वाट नसली, की ते उन्हाने उडून जातं आणि क्षार मागे राहतात. हजारो वर्षं हाच क्रम चालू राहिला. रोज थोडं मीठ मागे, आणि मागेच.

इथे थोडं थांबू. ‘विरघळणं’ आणि ‘उडून जाणं’ या दोन शब्दांत निम्मं रसायनशास्त्र आहे. मीठ पाण्यात टाकलं, ढवळलं, दिसेनासं झालं. संपलं का? नाही. चव आहे म्हणजे मीठ आहे. त्याचे कण इतके बारीक झाले, की डोळ्यांना दिसत नाहीत आणि कापडाच्या गाळणीत अडकत नाहीत. एक लिटर पाण्यात साधारण साडेतीनशे ग्रॅम मीठ विरघळतं, त्यापुढे टाकाल ते तळाशी बसून राहतं. आता तेच पाणी परातीत घालून उन्हात ठेवा. पाणी वाफ होऊन उडेल, मीठ उडणार नाही. परातीत पांढरे खडे उरतील. भिंग असलं तर पाहा, खडे चौकोनी दिसतील. मिठाचे कण रांगेत, काटकोनात बसतात, म्हणून खडाही चौकोनी होतो.

वऱ्हाडातल्या मीठविहिरींचं तंत्र एवढंच होतं. पूर्णेच्या खोऱ्यात विहीर खणायची, खारं पाणी वर काढायचं, उथळ वाफ्यांत पसरायचं आणि उन्हाला काम करू द्यायचं. अकोला जिल्ह्यातलं दहीहांडा हे गाव अशा विहिरींसाठी जाणलं जायचं. असं मीठ जरा कडवट लागतं, कारण विहिरीच्या पाण्यात फक्त खायचं मीठ नसतं, मॅग्नेशियमसारख्यांचे दुसरे क्षारही असतात. मिठाचे खडे आधी जमतात, मॅग्नेशियमचे क्षार शेवटपर्यंत पाण्यात राहतात. म्हणून जाणता माणूस सगळं पाणी आटू देत नाही. खडे जमले, की उरलेलं कडू पाणी ओतून देतो.

मग मीठ नेमकं आहे तरी काय? सोडियम नावाचा एक धातू आहे. इतका मऊ, की सुरीने कापता येतो, आणि पाण्यात टाकला तर भडकतो. क्लोरीन नावाचा एक वायू आहे, पिवळसर हिरवा आणि विषारी. पहिल्या महायुद्धात १९१५ साली सैनिकांवर तो सोडला होता. या दोन जहाल मूलद्रव्यांचं लग्न लागलं, की होतं आपलं मीठ, ज्याच्याशिवाय वरणाला चव नाही. दोन्हींचे मूळ गुण गेले, तिसराच पदार्थ आला. याला संयुग म्हणतात. आणि संयुगाचं माप ठरलेलं असतं. शंभर ग्रॅम शुद्ध मिठात सुमारे ३९ ग्रॅम सोडियम आणि ६१ ग्रॅम क्लोरीन. दहीहांड्याचं घ्या, समुद्राचं घ्या, पंजाबच्या डोंगरातलं सैंधव घ्या, शुद्ध केलं तर माप तेच. चिवड्याचं तसं नाही. एकीच्या चिवड्यात शेंगदाणे जास्त, दुसरीच्यात डाळवं. निवडायला बसलं तर शेंगदाणे वेगळे, पोहे वेगळे निघतात आणि प्रत्येकाची चव शाबूत असते. त्याला मिश्रण म्हणतात. मुलगा सातवी-आठवीत ‘मिश्रण आणि संयुग यांतील फरक लिहा’ घेऊन बसला, की त्याला चिवडा आणि मीठ दाखवा.

सोडियम वेगळा करून दाखवला तो इंग्लंडच्या हम्फ्री डेव्हीने, १८०७ साली, विजेच्या जोरावर. हा डेव्ही लंडनमध्ये जाहीर व्याख्यानं द्यायचा आणि ती ऐकायला बायाही जायच्या. त्यातली एक जेन मार्सेट. तिला व्याख्यानं पहिल्यांदा नीट समजेनात. मग तिने घरी प्रयोग पाहून, ओळखीच्यांशी बोलून समजून घेतलं, आणि आपल्यासारख्याच नवशिक्या बायांसाठी एक पुस्तक लिहिलं. एक बाई आणि दोन मुली गप्पा मारताहेत आणि गप्पांतून रसायनशास्त्र उलगडतं आहे, असं ते पुस्तक १८०६ च्या सुमारास निघालं, तेही तिचं नाव न छापता. मुली मध्येच शंका काढतात, एक जरा आगाऊ आहे, दुसरी शांत. लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात काम शिकणाऱ्या एका गरीब पोराच्या हाती ते पुस्तक आलं. बांधता बांधता त्याने ते वाचलं. त्याचं नाव मायकेल फॅरडे. पुढे विजेचं शास्त्र उभं करणाऱ्यांत तो पहिल्या रांगेत बसला, आणि जेन मार्सेटचे उपकार त्याने जन्मभर मानले. बायांसाठी म्हणून सोपं लिहिलेलं पुस्तक असं कुठल्या कुठे पोचलं.

परत वऱ्हाडात येऊ. राजे बदलले. वाकाटक गेले, पुढे इमादशाहीत एलिचपूर म्हणजे आपलं अचलपूर राजधानी झालं, १५९६ मध्ये वऱ्हाड अकबराकडे गेलं. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने राज्याची जी मोठी नोंद लिहिली, तिच्यात वऱ्हाडाचा हिशेब देताना लोणारचा उल्लेख आहे. काच आणि साबण करायला लागतं ते सगळं तिथे मिळतं आणि सोरा काढण्याच्या कामातून सरकारला चांगली आवक होते, असं तो लिहितो.

लोणार म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातलं, उल्का पडून झालेलं सरोवर. वर्तुळाचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. तिथलं पाणीही खारं, पण त्याचा खारेपणा निराळा. तिथे खायच्या मिठासोबत सोड्याच्या जातीचा खार भरपूर आहे. पाणी आटलं की काठावर जमणाऱ्या थरांना लोक वेगवेगळ्या नावांनी ओळखायचे: डल्ला, निमक डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. प्रयोगशाळा नव्हती, पण बोटाच्या चिमटीने आणि जिभेच्या टोकाने पाच प्रकार निवडणारी माणसं होती. साबण, बांगड्यांची काच, कापडाचा रंग पक्का करणं, अशा कामांना हा खार जायचा. लोणारचं हे सरोवर २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं होतं, आठवतं? खूप खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग होता.

पापडखार आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. आता एक करून पाहा, खर्च काही नाही. चमचाभर हळद पाण्यात कालवा आणि त्यात पापडखाराची किंवा धुण्याच्या सोड्याची चिमूट टाका. पिवळं पाणी लाल होईल. आता लिंबू पिळा. फसफस होईल आणि रंग पुन्हा पिवळा. लुगड्यावर वरणाचा डाग पडला आणि साबण लावला की डाग लाल होतो, तेव्हा हाच प्रयोग आपण नकळत केलेला असतो. हळद इथे पंचाचं काम करते. समोरचा पदार्थ लिंबाच्या बाजूचा की सोड्याच्या बाजूचा, ते रंगाने सांगते. लिंबाच्या बाजूच्यांना म्हणतात आम्ल, सोड्याच्या बाजूच्यांना आम्लारी. हळदीवर चुन्याची किंवा टाकणखाराची क्रिया करून कुंकू करणाऱ्या कारागिरांना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं.

ही बाजू किती जोरकस ते मोजायला पीएच नावाची पट्टी आहे. मधला आकडा ७, म्हणजे ना इकडे ना तिकडे. खाली गेलं की आम्ल, वर गेलं की आम्लारी. लोणारच्या पाण्याचा पीएच दहाच्या आसपास भरतो. सातवरून दहा म्हणजे तीनच पायऱ्या दिसतात, पण इथली प्रत्येक पायरी दहापट असते. दहा गुणिले दहा गुणिले दहा, म्हणजे हजारपट.

एक शब्दाचा घोळ आम्हाला इथेच सोडवायचा आहे, कारण त्यात मुलं अडकतात. ‘खार’ आणि ‘क्षार’ मुळात एकच शब्द. आपण घरात पापडखार म्हणतो तेव्हा सोड्यासारखा पदार्थ डोळ्यांपुढे असतो. पण शाळेच्या पुस्तकात क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांचा संयोग झाल्यावर तयार होतो तो पदार्थ. खायचं मीठ हा त्यातला सगळ्यात ओळखीचा. पोरगं घरचा अर्थ घेऊन वर्गात जातं आणि मार खातं. आमच्या मते दोष पोराचा नाही. आपल्याच भाषेतला शब्द परत येताना वेगळे कपडे घालून आला, आणि ते कुणी त्याला सांगितलं नाही.

मिठाची गोष्ट अर्धीच राहिली होती. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. इंग्रजी अमलात पूर्णेकाठच्या मीठविहिरी बंद पडल्या. १८८२ च्या मीठ कायद्याने मीठ तयार करण्याचा हक्क सरकारकडेच राहिला, आणि लोकांनी कर भरून मीठ विकत घ्यावं असं झालं. विचार करा. पाणी आपल्या विहिरीचं, ऊन देवाचं, आणि खडा उचलला तर गुन्हा. चमकच्या ताम्रपटातला राजाचा हक्क चौदाशे वर्षांनी नव्या धन्याच्या हातात आला होता, आणि या धन्याने कुठल्या गावाला सूटही दिली नाही.

१९३० च्या मार्चमध्ये गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले. ६ एप्रिलला त्यांनी समुद्रकाठचं मीठ उचललं. वऱ्हाडाला समुद्र नाही, म्हणून सत्याग्रह अडला नाही. त्याच एप्रिलमध्ये वऱ्हाडातले सत्याग्रही दहीहांड्याला गेले आणि तिथल्या खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून त्यांनी मीठ तयार केलं. बापूजी अणे, वीर वामनराव जोशी, ब्रिजलाल बियाणी ही त्या काळातली आपल्याकडची पुढारी मंडळी. दांडीच्या यात्रेत गांधीजींनी बायांना बरोबर घेतलं नव्हतं. मुंबईत मात्र अवंतिकाबाई गोखले आणि कमलादेवी चट्टोपाध्याय पुढे आल्या आणि त्यांनी कायदा मोडून मीठ केलं. त्या चुलीचे, कढईचे फोटो पाहिले की आम्हाला वाटतं, मीठ हे आंदोलनाचं हत्यार निवडण्यात एक मोठी सोय होती. ते कसं करायचं हे कुठल्याही बाईला शिकवावं लागत नव्हतं. पाणी आटवायचं, एवढंच.

पण शिकायला मिळणं ही वेगळी लढाई होती. १९३३ साली कमला भागवत नावाची मराठी मुलगी मुंबई विद्यापीठात रसायन आणि भौतिक हे विषय घेऊन पहिली आली. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत तिने अर्ज केला. तिथे प्रमुख होते सी. व्ही. रामन, नोबेल मिळालेले. त्यांनी मुलगी म्हणून नकार दिला. ती तिथे जाऊन उभी राहिली, कारण विचारलं आणि हटली नाही. शेवटी वर्षभर पारखून बघू, अशा अटीवर प्रवेश मिळाला. वर्ष संपलं तेव्हा रामन यांचं मत बदललेलं होतं आणि तिच्यामागून इतर मुलींना तिथे वाट झाली. पुढे केंब्रिजला जाऊन बटाट्यावर काम करताना तिने दाखवलं, की प्राण्यांच्या पेशीत श्वसनाला मदत करणारा सायटोक्रोम-सी हा पदार्थ वनस्पतींच्या पेशीतही असतो. १९३९ मध्ये डॉक्टरेट घेऊन ती परत आली. लग्नानंतर कमला सोहोनी. डाळी, दूध, नीरा यांत पोषण किती, हे तिने तपासलं आणि नीरेवरच्या कामासाठी तिला राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. लेखिका दुर्गा भागवत तिची मोठी बहीण. पुढे ग्राहकांच्या चळवळीतही कमलाबाई होत्या.

आता आजचं. खारपाणपट्ट्यातल्या मैत्रिणी आम्हाला विचारतात, पाणी उकळलं तर गोड होतं का? वरच्या परातीची गोष्ट आठवा. उकळल्याने जंतू मरतात, ते चांगलंच आहे. पण वाफ होते ती पाण्याची, मीठ भांड्यातच राहतं. पाणी आटलं तितकं उरलेलं जास्त खारं. तुरटी फिरवली तर गढूळपणा खाली बसतो, विरघळलेलं मीठ बसत नाही. फडक्याने गाळून तर ते निघणारच नाही. क्लोरीनचे थेंब जंतूंसाठी, खारेपणासाठी नाहीत. विरघळलेले क्षार काढायला आरओसारखं यंत्र लागतं, जे पाणी दाबाने अतिशय बारीक पडद्यातून ढकलतं. नाहीतर गोड पाणी लांबून आणावं लागतं, किंवा पावसाचं साठवावं लागतं.

डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पातेल्याच्या तळाला पांढरं कवच धरतं, ही जड पाण्याची लक्षणं. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असतात. ते साबणाला धरून त्याचा चोथा करतात, आणि डाळीच्या सालीला आवळून ठेवतात. म्हणून डाळीत सोडा घालायची सवय तिकडे पडली. सोडा घातला की डाळ मऊ होते खरी, पण काही जीवनसत्त्वंही त्यात नासतात.

पाण्यात एकूण किती विरघळलं आहे, त्याला टीडीएस म्हणतात. पिण्याच्या पाण्याचं सरकारी मानक सांगतं, की लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावं. दोन हजार म्हणजे किती? लिटरला दोन ग्रॅम. पंधरा लिटरच्या हंड्यात तीस ग्रॅम. तीस ग्रॅम मीठ ताटलीत काढून बघा आणि मग ठरवा, रोज डोक्यावरून काय आणतो आपण. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम असतं, त्याच्यापेक्षा हे कमी, पण समुद्राचं पाणी कुणी पीत नाही.

जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायांना पाणी तपासायचं शिक्षण द्यावं, असं ठरलेलं आहे. त्यांना एक पेटी मिळते. तुमच्या गावात त्या पाच कोण आहेत, पेटी कुठे आहे, हे ग्रामपंचायतीत विचारा. कुठे कुठे ती कपाटात कुलपात असते आणि किल्ली कुणाकडे ते ठाऊक नसतं. पेटीतल्या बाटल्यांवरची तारीखही बघा, कारण मुदत संपलेलं रसायन चुकीचा रंग दाखवतं.

त्या पेटीत जे चालतं ते आपल्या हळदीच्या प्रयोगाचंच थोरलं भावंड. क्लोराइड म्हणजे मिठाचा खारेपणा मोजायचा, तर पाण्यात आधी पिवळा रंग टाकतात आणि मग दुसऱ्या बाटलीतले थेंब मोजून घालतात. पिवळ्याचं विटेसारखं तांबूस झालं की थांबायचं. जितके थेंब जास्त, तितकं क्लोराइड जास्त. पाण्याचा जडपणा मोजताना गुलाबी लाल रंग निळा होतो. क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आत, जडपणा २०० च्या आत आणि पीएच साडेसहा ते साडेआठमध्ये असावा, हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. चौथा नायट्रेटचा, ४५. तो वाढला तर शेणखताचं, सांडपाण्याचं किंवा युरियाचं पाणी विहिरीत झिरपतं आहे का, ते पाहायचं. तान्ह्या बाळांना नायट्रेट फार वाईट.

पाणी घेताना बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची. हातपंप असेल तर आधी दोन-चार मिनिटं पाणी वाहू द्यायचं. रंग बघायला पांढरा कागद मागे धरायचा आणि उजेड दिवसाचा असावा. पावसाळ्याआधी एकदा, पावसाळ्यानंतर एकदा. तारीख, विहिरीचं नाव, थेंबांचा आकडा आणि तपासणाऱ्या बाईची सही वहीत असू द्या, म्हणजे पुढच्या ग्रामसभेत ती वही टेबलावर ठेवता येते.